संगणकांतील द्वारपाल आणि त्याची पहिली हजेरी

शाळेचा पहिला तास सुरू होण्यापूर्वीं वर्गांत काय काय घडतें, याकडे तुमच्यापैकीं किती जणांनीं लक्ष दिलें असेल? शिपाई कुलूप काढतो, फळा स्वच्छ पुसला जातो, शिक्षक हजेरीपत्रक उघडून एकेक नांव पुकारतात, आणि मगच धड्यास आरंभ होतो. हीं कामें इतकीं नित्याचीं आहेत कीं त्यांचें महत्त्व आपणांस जाणवत नाहीं. परंतु एखादे दिवशीं फळा न पुसतां व हजेरी न घेतां शिकवणें सुरू झालें, तर काय होईल? कालचें अर्धवट गणित आजच्या गणितांत मिसळेल, आणि परका मनुष्य बाकावर येऊन बसला तरी तें कोणास कळणार नाहीं.

संगणकाचेंही असेंच आहे. कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जे कांहीं क्षण जातात, त्यांत त्याची कुलुपें निघतात, फळे पुसले जातात व हजेरी घेतली जाते. या हजेरीचा कारभार संभाळणाऱ्या एका लहानशा चिपेविषयीं, आणि तिला कामास लावणाऱ्या ड्रायव्हराविषयीं, आम्ही या लेखांत चार गोष्टी सांगणार आहों.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं आपला लॅपटॉप दुरुस्तीस दिला होता. आंतील मुख्य फलक बिघडला होता. तो बदलून यंत्र घरीं आलें. कळ दाबतांच पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं, अठ्ठेचाळीस अंकी किल्ली द्यावी, त्यावांचून कांहीं उघडणार नाहीं. अशी किल्ली असते, ती जपून ठेवावयाची असते, हेंच त्या बिचाऱ्यांस ठाऊक नव्हतें. मुलीच्या बालपणींचीं छायाचित्रें व वृद्ध वडिलांच्या आजारपणाचे सर्व कागद त्या यंत्रांत होते. ते आजही तेथेंच आहेत, पण कुलपाआड. दोष चिपेचा नव्हता. तिनें आपलें काम चोख बजावलें होतें. ती काय करते हें कोणी सांगितलें नव्हतें, एवढाच दोष. तो दूर करणें हें शाळेचें काम आहे, असें आम्हांस वाटतें.

१. द्वारपाल कोण?

या चिपेचें नांव ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल, संक्षेपानें टीपीएम. ती नखाएवढी लहान असून संगणकाच्या मुख्य फलकावर बसविलेली असते. कांहीं यंत्रांत ती निराळी न ठेवतां मुख्य प्रोसेसराच्याच पोटांत फर्मवेअराच्या रूपानें वसविलेली असते. १९९९ मध्यें कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं मिळून एक संघटना काढली, तिच्या विचारांतून या चिपेचा जन्म झाला. २००३ मध्यें त्या संघटनेच्या जागीं ट्रस्टेड कम्प्यूटिंग ग्रुप ही संस्था आली. चिपेच्या नियमांची २.० ही आवृत्ति २०१४ मध्यें प्रसिद्ध झाली, व २०१५ मध्यें आयएसओ ११८८९ या क्रमांकाखालीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०२१ मध्यें निघालेल्या विंडोज ११ या प्रणालीनें ही आवृत्ति आवश्यक ठरविली. तेव्हांपासून घरोघरच्या नव्या संगणकांत हा द्वारपाल सहज आढळूं लागला.

त्याचीं कामें मुख्यतः तीन. पहिलें, गुप्त किल्ल्या आपल्या पोटांत जपणें व त्या उघड्या स्वरूपांत कोणाच्याही हातीं न देणें. दुसरें, ज्यांचा अंदाज कोणास बांधतां येऊं नये अशा संख्या निर्माण करणें. तिसरें, यंत्र सुरू होतांना कोणकोणता प्रोग्राम कोणत्या क्रमानें चालला याची नोंद ठेवणें. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. हा द्वारपाल हातांत काठी घेऊन कोणास अडवीत नाहीं. वाईट प्रोग्राम आला तरी तो त्याचें नांव मुकाट्यानें टिपून घेतो. मात्र पुढें जेव्हां किल्ली मागितली जाते, तेव्हां तो आपली नोंद पाहतो, आणि नोंद ठरल्याप्रमाणें नसेल तर किल्ली देत नाहीं. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या घरीं हेंच घडलें. फलक बदलला, त्याबरोबर चिपही बदलली. जुन्या चिपेजवळ ठेवलेलें गुपित नव्या चिपेस कोठून ठाऊक असणार?

२. नोंदवहीचें गणित

या चिपेंत सामान्य संगणकासाठीं २४ नोंदवह्या असतात. त्यांस प्लॅटफॉर्म कॉन्फिगरेशन रजिस्टर म्हणतात. यंत्र नव्यानें सुरू होतें तेव्हां त्यांतील बहुतेक शून्यावर असतात. गंमत अशी कीं, चालू यंत्रांत या मुख्य नोंदवह्यांत कोणासही मनाजोगता आंकडा लिहितां येत नाहीं. फक्त भर घालतां येते. भर घालण्याची रीत अशी: जुना आंकडा व नवें माप एकापुढें एक ठेवावयाचें, त्या दोहोंवर मिळून हॅश नांवाची गणितक्रिया करावयाची, आणि जें उत्तर येईल तोच नवा आंकडा.

सातवी-आठवीच्या मुलांनीं पाटीवर करून पाहावें म्हणून आम्ही एक लहान नमुना देतों. हॅशाच्या जागीं ही सोपी रीत घ्या: जुन्या आंकड्यास १० नें गुणा, त्यांत नवें माप मिळवा, बेरजेस ९७ नें भागा व बाकी लिहा. मापें २३, ४१ व ५८ अशीं या क्रमानें आलीं असें समजा.

आरंभीं ०. पहिल्या मापानंतर २३. पुढें २३० अधिक ४१, म्हणजे २७१. ९७ नें भागून बाकी ७७. पुढें ७७० अधिक ५८, म्हणजे ८२८, बाकी ५२. शेवटचें उत्तर ५२.

आतां पहिल्या दोन मापांची अदलाबदल करा. आधीं ४१, मग ४१० अधिक २३, म्हणजे ४३३, बाकी ४५, मग ४५० अधिक ५८, म्हणजे ५०८, बाकी २३. मापें तींच, परंतु क्रम बदलतांच उत्तर ५२ चें २३ झालें. आतां क्रम तोच ठेवून ४१ च्या ऐवजीं ४२ घ्या. २७२ ची बाकी ७८. ७८० अधिक ५८, म्हणजे ८३८, बाकी ६२. एका मापांत एकाचा फरक पडला, तरी शेवटचें उत्तर बदललें.

आमची ही रीत केवळ समजुतीसाठीं आहे. तिच्यांत उलट जाऊन हवें तें उत्तर देणारें खोटें माप शोधणें कठीण नाहीं. खरी चिप शा-२५६ नांवाची क्रिया वापरते. तिचें उत्तर ३२ बाइटांचें असतें, आणि संभवनीय उत्तरांची संख्या मांडूं गेल्यास ती ७८ अंकी भरते. तेथें उलट जाण्याचा मार्ग कोणास सांपडलेला नाहीं. म्हणून नोंदवहीवरील एका आंकड्यावरून सर्व क्रमाची ग्वाही मिळते.

३. ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर म्हणतांच तुमच्या डोळ्यांपुढें एसटीची मोटार उभी राहील. येथें मात्र ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो भाग, जो एका विशिष्ट उपकरणाशीं बोलतो. त्यास दुभाषी म्हटलें तर अधिक शोभेल. चिपेची भाषा बाइटांची व खुणांची. इतर प्रोग्रामांची भाषा निराळी. दुभाषी प्रामाणिक व सावध नसेल, तर दोन्ही पक्ष सज्जन असूनही व्यवहार बिघडतो. त्यांतही दुभाष्याची खरी कसोटी पहिल्या भेटींत लागते. पहिल्या भेटीस इंग्रजीप्रमाणें ‘इनिशियलायझेशन’ म्हणतात. आपण त्यास प्रथमारंभ म्हणूं.

४. प्रथमारंभाचीं सात पावलें

पहिलें पाऊल, ओळख. फर्मवेअर एक कोष्टक मागें ठेवून जातें. चिप कोणत्या पत्त्यावर आहे व तिच्याशीं कोणत्या रीतीनें बोलावें हें त्यांत लिहिलेलें असतें. ड्रायव्हरानें अंदाजानें दारें ठोठावूं नयेत. कोष्टक वाचावें, मग त्या पत्त्यावर खरोखर कोणी आहे कीं नाहीं तें पाहावें. रिकाम्या घरास हांक मारून आलेला प्रतिध्वनि हें उत्तर नव्हे.

दुसरें पाऊल, जागा मागणें. चिपेशीं बोलण्यासाठीं ० ते ४ अशा पांच जागा ठरलेल्या आहेत; त्यांस लोकॅलिटी म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम सामान्यतः ० या जागेवरून बोलते. ४ ही जागा केवळ हार्डवेअरासाठीं राखलेली आहे. ड्रायव्हर जागा मागतो आणि चिपेनें परवानगीची खूण दाखवीपर्यंत थांबतो. मात्र या थांबण्यासही मर्यादा असते. चिपेशीं बोलण्याच्या प्रचलित रीतींत ती साधारणतः ७५० मिलिसेकंद धरलेली आहे. मर्यादा सरली व खूण आली नाहीं, तर ड्रायव्हरानें चूक नोंदवून परत फिरावें. परवानगी मिळाली असेल असें मानून पुढें जाणें हा उतावळेपणा, आणि अनंत काळ वाट पाहत बसणें हा आळस. दोन्ही दोष टाळावे.

तिसरें पाऊल, बोलण्याची रीत. ड्रायव्हर प्रथम चिपेस ‘आज्ञा घेण्यास तयार हो’ असें सुचवितो. चिप आपण एका वेळीं किती बाइट घेऊं शकतों हें सांगते. तितकेच बाइट द्यावयाचे, अधिक नाहींत. मोठा मनुष्य लहान मुलास घास भरवितांना तोंड रिकामें झालें कीं नाहीं हें पाहतो, तसें हें आहे. शेवटचा बाइट देण्यापूर्वीं चिप अजून अपेक्षा करीत आहे ना, आणि दिल्यानंतर अपेक्षा संपली ना, हें दोनदां पाहावें. मगच ‘चल’ अशी खूण करावी.

चौथें पाऊल, उत्तराची तपासणी. प्रत्येक उत्तराच्या आरंभीं १० बाइटांचें मथळें असतें: २ बाइट प्रकाराचे, ४ लांबीचे व ४ निकालाचे. निकाल शून्य म्हणजे काम यशस्वी. पण निकाल वाचण्याआधीं लांबी तपासावी. ती १० हून कमी असेल तर उत्तरच अपुरें; आपण ठेवलेल्या जागेपेक्षां जास्त असेल तर तें घेऊं नये, नाहीं तर तें शेजारच्या स्मृतींत सांडेल. चिप विश्वासू असली तरी तिच्या उत्तराचें माप घ्यावेंच. विश्वास व तपासणी यांचें वैर नाहीं. मंडळीचा खजिनदार कितीही सज्जन असो, वर्षाअखेर हिशेब तपासला जातो, आणि सज्जन खजिनदारास त्याचा राग येत नाहीं.

पांचवें पाऊल, प्रकृतीची विचारपूस. ड्रायव्हर चिपेस आत्मपरीक्षा करावयास सांगतो. लिनक्स या प्रणालींत याचा क्रम मोठा सुरेख आहे. आधीं आत्मपरीक्षेची आज्ञा दिली जाते. फर्मवेअरानें चिपेस पूर्वींच सुरू केलें असेल, तर परीक्षा होते व काम संपतें. ‘मला अजून सुरूच केलेलें नाहीं’ असें उत्तर आलें, तर मात्र ड्रायव्हर स्वतः सुरू करण्याची आज्ञा देतो आणि मग पुन्हां परीक्षा घेतो. परीक्षेंत जी चिप नापास होते, ती स्वतःच बहुतेक कामें नाकारते. एकदां सुरू झालेल्या चिपेस तीच आरंभाची आज्ञा पुन्हां दिली तर ती मानीत नाहीं; त्यासाठीं चिपेचें संपूर्ण पुनरारंभण व्हावें लागतें. हा नियम फार मोलाचा आहे. तो नसता, तर कोणीही ऐरागैरा दिवसाच्या मध्यावर हजेरीपत्रक कोरें करूं शकला असता.

सहावें पाऊल, गुप्त भाषा. चिप व प्रोसेसर यांच्यामध्यें तांब्याचे बारीक मार्ग असतात. त्या मार्गांवर कोणी कान लावला, किंवा मध्यें आपलें उपकरण बसवून बाइट बदलले, तर? जुलै २०२४ मध्यें निघालेल्या लिनक्सच्या ६.१० आवृत्तींत यावर तोड योजण्यांत आली. चिपेंत चार प्रकारचीं बीजें असतात. त्यांपैकीं ‘नल’ नांवाचें बीज चिपेचें पुनरारंभण होतांच दर वेळीं बदलतें. ड्रायव्हर प्रथमारंभीं या बीजापासून एक किल्ली तयार करवून घेतो व तिचें नांव लक्षांत ठेवतो. त्या किल्लीच्या साह्यानें तो पुढील संभाषणांतील नाजूक भाग गुप्त करतो व त्यावर खुणेची मोहर लावतो. कोणी मध्येंच चोरून चिपेचें पुनरारंभण केलें, तर बीज बदलतें, किल्लीचें नांव जुळत नाहीं, आणि ड्रायव्हर त्या चिपेचा वापरच बंद करतो. शास्त्रांतील इफ्ताहाच्या वेळची कथा तुम्हांस आठवत असेल. यार्देनेच्या उतारावर एका शब्दाच्या उच्चारावरून आपला कोण व परका कोण हें ओळखलें गेलें होतें. येथेंही उच्चार चुकतो तेव्हां दार बंद होतें. सुदैवानें रक्तपात होत नाहीं.

सातवें पाऊल, दार उघडणें. वरील सहा पावलें पुरीं झाल्यानंतरच ड्रायव्हरानें इतर प्रोग्रामांस ‘आतां या’ असें कळवावें. घाईनें आधींच दार उघडलें, तर अर्धवट तयार असलेल्या चिपेशीं कोणी तरी बोलूं लागतो, आणि मग काय घडेल याचा नेम नाहीं. मध्येंच एखादें पाऊल फसलें, तर झालेलीं पावलें उलट क्रमानें मागें घ्यावीं. घालतांना मोजे आधीं व जोडे मागाहून. काढतांना जोडे आधीं व मोजे मागाहून. मागितलेली जागा सोडावी, घेतलेली स्मृति पुसून परत करावी, आणि मगच निघावें.

५. चुकल्याचीं उदाहरणें

हे नियम कोणी घरीं बसून कल्पनेनें रचले नाहींत. बरेचसे चुकांतून शिकलेले आहेत. तीन उदाहरणें देतों.

पहिलें उदाहरण २०११ मधील. लिनक्सच्या २.६.३९ पूर्वींच्या आवृत्तींत याच चिपेच्या ड्रायव्हरानें उत्तरासाठीं स्मृतीचा एक तुकडा घेतला, पण तो पुसून घेतला नाहीं. त्यांत आधींच्या कामाचे अवशेष राहिले होते, आणि त्याच यंत्रावरील सामान्य वापरणारास ते वाचतां येण्याचा संभव होता. फळा न पुसतां दुसऱ्या वर्गाच्या स्वाधीन करावा, तसें हें झालें. उपाय काय? घेतांनाच तुकडा शून्यांनीं भरून घेणें. कामाची इतकी लहान गोष्ट. पण ती विसरली गेली, आणि गुपितें जपण्यासाठीं लिहिलेल्या ड्रायव्हरांतूनच गुपितें गळण्याची वाट झाली.

दुसरें उदाहरण २०१८ मधील. दक्षिण कोरियांतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, संगणकास निद्रावस्थेंत पाठवून कांहीं यंत्रांत या द्वारपालास फसवितां येतें. झोपण्यापूर्वीं ऑपरेटिंग सिस्टिमनें चिपेस ‘आपली स्थिति जतन कर’ अशी आज्ञा द्यावयाची असते. जागें होतांना ती स्थिति परत घेतली जाते. लबाडानें ती आज्ञाच दिली नाहीं, तर जागें होतांना जतन केलेलें कांहींच नसतें. अशा वेळीं संशय घेऊन थांबावें, हें योग्य. पण कांहीं यंत्रांत चिपेच्या नोंदवह्या कोऱ्या होऊन यंत्र तसेंच चालूं लागे, आणि मग लबाडास जुनीं चांगलीं मापें पुन्हां क्रमानें भरून शहाजोगपणाचा दाखला मिळवितां येई. यावरून हें शिकावें कीं, उठणें हाही एक आरंभच आहे, आणि झोपण्यापूर्वींची व्यवस्था हा त्या आरंभाचा भाग आहे. रात्रीं दप्तर भरून ठेवणाऱ्या मुलाची सकाळ सुखाची जाते, हें तुमच्या मातोश्री तुम्हांस सांगतच असतात.

तिसरें उदाहरण २०१९ मधील. एका सुरक्षा-अभ्यासकानें लॅपटॉप उघडून चिपेच्या तारांवर थोड्या किमतीचें उपकरण लावलें, आणि तबकडी उघडणारी किल्ली चिपेकडून प्रोसेसराकडे जातांना जशीच्या तशी टिपून घेतली. चिप खरी होती, नोंद खरी होती, किल्लीही योग्य मालकासच दिली गेली. परंतु ती भर रस्त्यानें उघड्या हातानें नेली गेली. सहाव्या पावलाची आवश्यकता यावरून स्पष्ट होते. सुरू होतांना मालकानें स्वतःचा गुप्त अंकही द्यावा अशी व्यवस्था केली असती, तरी नुसत्या कान लावण्यानें ही किल्ली हातीं लागली नसती.

६. पहिल्या पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

हा धडा वर्गांत सांगत असतां नववींतील एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “सर, प्रत्येक प्रोग्रामाचें माप त्याच्या आधींचा प्रोग्राम घेतो, हें समजलें. पण अगदीं पहिल्याचें माप कोण घेतो?” प्रश्न ऐकून आम्हांस फार संतोष झाला, कारण या विषयाचें मर्म तेंच आहे.

प्रामाणिक उत्तर असें कीं, पहिल्याचें माप कोणीही घेत नाहीं. साखळीची पहिली कडी कोठें तरी खुंटीस अडकवावीच लागते. ती कडी म्हणजे बनविणारानें यंत्रांत पक्की बसविलेला छोटासा प्रोग्राम. ज्या चिपेशीं आपण बोलत आहों ती खरीच चिप आहे, तिचें सोंग घेतलेलें दुसरें कांहीं नव्हे, यासाठीं सामान्यतः बनविणारा तिच्या पोटांतील मूळ किल्लीस आपल्या सहीचें प्रमाणपत्र देतो. तें पडताळून पाहतां येतें. तरी पण शेवटीं बनविणाराच्या शब्दावर विश्वास येतोच.

आणि बनविणाराही चुकतो. २०१७ मध्यें असें उघडकीस आलें कीं, इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपांतील किल्ल्या तयार करण्याच्या रीतींत दोष असून, त्या आरएसए जातीच्या किल्ल्यांचें गुपित अपेक्षेपेक्षां पुष्कळ कमी श्रमांत शोधतां येतें. या दोषाचा फटका टीपीएम चिपांस तर बसलाच, पण एस्टोनिया देशांतील सुमारें साडेसात लक्ष ओळखपत्रांसही बसला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्यें तेथील सरकारला त्यांचीं प्रमाणपत्रें स्थगित करावीं लागलीं. ड्रायव्हरानें सातही पावलें निर्दोष टाकलीं असतीं, तरी हा दोष त्यास दिसला नसता.

मग विश्वास ठेवावा कीं नाहीं? आमच्या मतें ठेवावा. पण तो डोळस असावा. पाया खडकाचा आहे कीं वाळूचा, हें घर बांधण्यापूर्वीं पाहावें, आणि पाऊस पडूं लागला म्हणजे पुन्हां पाहावें. ज्या पद्धतींत चुका लपविल्या जात नाहींत, उघड सांगून दुरुस्त केल्या जातात, ती पद्धति विश्वासास अधिक पात्र असते. हें यंत्रांस लागू आहे, तसेंच माणसांस व संस्थांसही लागू आहे. त्या मुलीस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, हा प्रश्न तूं जन्मभर विचारीत जा.

७. पालकांस विनंति

आतां घरच्या मंडळींस चार शब्द. आपल्या संगणकाची तबकडी कुलुपबंद असेल, तर तिची परतीची किल्ली आजच शोधून कागदावर लिहावी व घरांतील महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. संगणकांतच ठेवूं नये, कारण पेटीची किल्ली पेटींत ठेवून पेटी लावण्यासारखें तें होईल. यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वीं, फर्मवेअर बदलण्यापूर्वीं किंवा चिप कोरी करण्याची आज्ञा देण्यापूर्वीं, किल्ली जवळ आहे ना हें पाहावें व महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत करून ठेवावी. पडद्यावर ‘टीपीएम साफ करावयाचें काय?’ असा प्रश्न आला, तर घाईनें ‘होय’ म्हणूं नये. फर्मवेअराच्या व प्रणालीच्या सुधारणा मात्र वेळच्या वेळीं घ्याव्या. वर सांगितलेल्या दोषांपैकीं बरेच याच मार्गानें दूर झाले आहेत.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें अशीं यंत्रें घडवील, कोणी त्यांचे ड्रायव्हर लिहील. त्या वेळीं फळा पुसणें, लांबी मोजणें, परवानगीची वाट पाहणें, हीं बारीकसारीक कामें कंटाळवाणीं वाटतील. कोणी तीं पाहणार नाहीं, कोणी त्यांसाठीं बक्षीस देणार नाहीं. तरी पण कोणाच्या तरी मुलीचीं छायाचित्रें व कोणाच्या तरी वडिलांचे कागद त्यांवर अवलंबून असतील. थोडक्यांत जो विश्वासू, तोच पुष्कळांत विश्वासू ठरतो, ही शिकवण आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकतों. ती संगणकाच्या तासालाही तितकीच खरी आहे.

अभ्यासाचे प्रश्न

१. मापें २३, ४१ व ५९ अशीं आलीं, तर आमच्या नमुन्याच्या रीतीनें शेवटचें उत्तर काय येईल? ५२ शीं ताडून पाहा.

२. चिपेच्या उत्तराची लांबी निकालाच्या आधीं कां तपासावी?

३. आरंभाची आज्ञा चालू यंत्रांत पुन्हां मान्य झाली असती, तर लबाडास काय करतां आलें असतें?

४. तुमच्या घरांत परतीची किल्ली कोठें ठेवली आहे? उत्तर वहींत लिहूं नये. घरीं वडील माणसांस विचारून खात्री करावी.